‘पापे पदरी घेतली तर…’ : शुद्ध होणं म्हणजे नक्की काय?

बांधावरचा

सर्वांना सलाम.

उत्तम शुक्रवारपासून (गुड फ्रायडेपासून) बायबलमधलं एक वचन डोक्यातून जात नाही. योहानाच्या पहिल्या पत्रातलं, पहिल्या अध्यायाचं नववं : ‘जर आपण आपली पापे पदरी घेतली, तर तो विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून आपल्या पापांची क्षमा करील, व आपल्याला सर्व अधर्मापासून शुद्ध करील.’ त्याच्या जरा वर, सातव्या वचनात, येशूचं रक्त आपल्याला सर्व पापांपासून शुद्ध करतं असं आहे. दोन्ही वचनं शब्बाथशाळेत पाठ केलेली. झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवीन. पण यंदा पाळकसाहेब ती वाचत होते आणि मला मान वर करता येईना.

कारण सांगतो. या ऑनलाइन मंचावर मला कुणी ओळखत नाही, म्हणूनच सांगता येतंय.

आमची नगर जिल्ह्यात अडीच एकर जमीन, आजोबांच्या नावावर. आजोबा मृत्युपत्र न करता गेले, आजी त्यांच्या आधीच गेलेली. आम्ही ख्रिस्ती, म्हणजे आम्हाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो आणि त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. निम्मं वडिलांचं, निम्मं आत्याचं. सव्वा एकर. वडील गेल्यावर कारभार माझ्याकडं आला. सतरा वर्षांपूर्वी मी आत्याला तालुक्याला बोलावून घेतलं. सोसायटीच्या पीककर्जाला तुझी सही लागते म्हणालो. कागद हक्कसोडीचा होता.

आत्या चौथी शिकलेली. सही करताना एकेक अक्षर वळवून काढते. सही झाली, अंगठा झाला, फोटो झाला. बाहेर आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. समोर रसवंती होती. मी तिला उसाचा रस पाजला. बर्फ घालू नका म्हणून सांगितलं, कारण तिचा घसा लगेच धरतो. रस पिऊन झाल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि एसटीत बसून गेली.

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, प्रभुभोजन होतं, ख्रिस्ताच्या मरणाची आठवण म्हणून भाकर घेण्याचा विधी. भाकरीचं ताट समोर आलं आणि मी ते तसंच शेजारच्याकडं दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माझा प्रश्न असा आहे. ख्रिस्तानं प्रायश्चित्त केलं, त्याच्या रक्तानं पाप धुतलं जातं, हे मी मानतो. मनापासून मानतो. सतरा वर्षं देवाकडं क्षमा मागतोय. मग धुतलं गेल्यासारखं का वाटत नाही? माझा विश्वास कमी पडतो, की मला शुद्ध होणं म्हणजे काय हेच कळलेलं नाही?

शब्दार्थी

दादा, सलाम. तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. धर्मशास्त्रावर जाणकार बोलतील, मी त्या वचनातल्या एका शब्दापुरतं सांगतो.

‘पदरी घेतली’. मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, होमोलोगेओ, त्याचा सरळ अर्थ ‘तेच म्हणणे’. देव एखाद्या गोष्टीला जे म्हणतो तेच आपणही म्हणायचं. त्यासाठी ‘कबूल करणे’ चाललं असतं. पण मराठी भाषांतर करणाऱ्यांनी ‘पदरी घेणे’ निवडलं, आणि मला वाटतं ते फार खोलवर गेलं. कबूल तर पोलिसापुढंही करतात. पदरी घ्यायचं म्हणजे ते माझं आहे असं म्हणून लुगड्याच्या पदरात घ्यायचं, त्याचं वजन स्वतःच्या अंगावर घ्यायचं. गंमत म्हणजे क्षमेसाठीही आपण पदराकडंच जातो. ‘चूक पदरात घ्या’ म्हणतो. ‘अपराध पोटात घाल’ म्हणतो. एकाच पदरात अपराध्यानं आपला अपराध घ्यायचा आणि ज्याचा अपराध केला त्यानंही तोच घ्यायचा.

म्हणून विचारतो, राग मानू नका. सतरा वर्षं देवापुढं तुम्ही त्या गोष्टीला काय म्हणत होता?

बांधावरचा

‘प्रभू, माझ्या उणिवांची क्षमा कर.’

हे टाइप करायला मला अर्धा तास लागला. चोरी हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही. जमीन, आत्या, सही, काहीच नाही. उणिवा.

डोंबिवलीकर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. तरी विचारण्याचं धाडस करतो, कारण हा प्रश्न माझ्या मनात शाळेपासून आहे. शाळेत माझ्या शेजारी ख्रिस्ती मित्र बसायचा.

आमच्याकडं जो करील तो भरील. प्रायश्चित्तही ज्याचं त्यानं घ्यायचं. चांद्रायण घेतलं तर चंद्राच्या कलेबरोबर माझेच घास वाढणार आणि कमी होणार, शेजाऱ्यानं उपाशी राहून माझं पाप जात नाही. पंचगव्य माझ्याच घशाखाली उतरलं पाहिजे. आणि हा शब्द आमच्या समाजात किती जड होता ते पुण्याच्या पंचहौद प्रकरणात दिसतं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींनी चहा घेतला, त्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसाला त्या चहासाठी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. टिळकांनी आपण काशीला घेतल्याचं सांगितलं.

चहाच्या एका कपासाठी स्वतः प्रायश्चित्त घ्यायची जिथं रीत, तिथं तुम्ही म्हणता की जगभराच्या पापांसाठी दुसऱ्यानं कुणी, दोन हजार वर्षांपूर्वी, यरुशलेमच्या वेशीबाहेर प्राण दिला आणि आम्ही सुटलो. यात न्याय कुठं राहिला? निर्दोष माणसाला शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाला आपण चांगलं म्हणू का? मला कुणाला दुखवायचं नाही. मला खरंच समजून घ्यायचं आहे.

वसईची लेक

डोंबिवलीकर, प्रश्न रास्त आहे, त्यावर कुणीतरी नीट लिहा. मी धागाकर्त्या दादांशी बोलते.

आम्ही कॅथलिक. लहानपणी शनिवारी संध्याकाळी कुमसाराला, म्हणजे जाळीआड बसलेल्या फादरना पापं सांगायला, रांग लागायची. आजी आम्हाला आधी देवळाच्या मागच्या बाकावर बसवून म्हणायची, ‘आठवा.’ नुसतं एवढंच. आठवल्याशिवाय जाळीजवळ जायचं नाही. मी आठ-नऊ वर्षांची असताना शेजारच्या वाडीतली पेरूची फांदी मोडली होती. फादरना सांगताना मी ‘खोड्या केल्या’ म्हणाले. त्यांनी जाळीतून विचारलं, ‘कोणत्या?’ तो एक शब्द मी विसरले नाही. सांगितल्यावर त्यांनी पापमुक्तीची प्रार्थना म्हटली आणि प्रायश्चित्त म्हणून त्या वाडीतल्या आजोबांना जाऊन सांगायला लावलं.

आमच्या श्रद्धेत या संस्काराचे तीन भाग आहेत. मनापासूनचा पश्चात्ताप, पाप उच्चारून सांगणं आणि भरपाई. पाप क्षमा होतं ते ख्रिस्ताच्या क्रूसामुळं, माझ्या भरपाईमुळं नाही, हे आम्हीही तितक्याच ठामपणे मानतो. पण चोरलेली वस्तू घरात ठेवून मी ‘मला क्षमा झाली’ म्हणाले तर पश्चात्ताप झालाच नाही. जखम बरी करणारा तो, पण तुटलेलं कुंपण मी बांधायचं. प्रॉटेस्टंट बंधू याला वेगळ्या भाषेत मांडतील, मांडू देत.

दादा, तुम्हाला जाळी नाही. पण कुणीतरी ‘कोणत्या?’ असं विचारायला हवं होतं. इथं ते विचारलं गेलं, बरं झालं.

अष्टागर

माझं बालपण अलिबागकडचं. शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी लोकांपैकी, एक कुटुंब होतं, तेलाच्या घाण्यावरून आमच्याकडं त्यांना शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद. त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस. जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणायची. दार लावून, पांढरे कपडे घालून, पाण्याचा थेंबही न घेता दिवस काढायचा. त्या दिवशी आम्ही मुलं त्यांच्या अंगणात गोंगाट करायचो नाही, आई दटावायची.

पुढं मोठं झाल्यावर समजलं की ख्रिस्ती लोक ज्या प्रायश्चित्ताबद्दल बोलतात त्याची पाळंमुळं याच दिवसात आहेत. आणि त्यात दादांच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. यहुदी परंपरेत स्पष्ट नियम आहे : माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांचं प्रायश्चित्त हा दिवस करतो. माणूस आणि माणूस यांच्यामधल्या पापांचं करत नाही, जोपर्यंत त्या माणसाची समजूत काढलेली नाही. म्हणून उपासाच्या आधीच्या दिवसांत शेजारचे काका आमच्या घरी येऊन माझ्या वडिलांना हात जोडायचे. ‘वर्षभरात काही उणंअधिक बोललो असलो तर माफ करा.’ वडील ओशाळून जायचे. ते कुटुंब नंतर इस्राएलला गेलं. घाण्याचा दगड अजून तिथंच आहे.

पाळकांची सून

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. मला जरा लांब लिहावं लागेल. माझे सासरे चाळीस वर्षं खेड्यांतल्या मंडळ्यांची (चर्चची) सेवा करत होते, त्यांच्याकडून ऐकलेलं आणि स्वतः अभ्यासलेलं सांगते.

अष्टागरांनी ज्या दिवसाचा उल्लेख केला तो बायबलच्या जुन्या करारात, लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात आहे. ते चित्र डोळ्यांपुढं आणा. महायाजक वर्षातून एकदाच परमपवित्रस्थानात, म्हणजे उपासनास्थानाच्या सगळ्यात आतल्या खोलीत, जातो. त्या दिवशी भरजरी वस्त्रं नाहीत, साधी तागाची. आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्हा. मग लोकांसाठी दोन बकरे, त्यांच्यावर चिठ्ठ्या टाकायच्या. एकाचा वध होतो आणि त्याचं रक्त आत नेऊन कराराच्या कोशाच्या (आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीच्या) झाकणावर, म्हणजे दयासनावर, शिंपडतात. दुसरा जिवंत ठेवतात. महायाजक दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून लोकांची सगळी पापं उच्चारतो आणि तो बकरा रानात सोडून देतात. म्हणजे पाप झाकणं आणि पाप दूर नेणं, दोन्ही एकाच दिवसात. नंतरच्या परंपरेत किरमिजी लोकरीचा धागा बांधायचे आणि बकरा रानात पोचला की तो पांढरा होतो असं मानायचे. यशयाच्या पहिल्या अध्यायातलं वचन त्याला जोडलेलं आहे : तुमची पातकं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील, किरमिजासारखी तांबडी असली तरी लोकरीसारखी होतील. किरमिजी हा किड्यापासून काढलेला पक्का रंग, धुण्यानं न जाणारा. म्हणून ते वचन एवढं मोठं आहे.

मग इब्री लोकांस लिहिलेलं पत्र नेमका प्रश्न विचारतं. दरवर्षी का करावं लागतं? एकदा खरंच शुद्ध झालं असतं तर थांबलं नसतं का? ‘बैलांच्या व बकऱ्यांच्या रक्ताने पापे नाहीशी होणे शक्य नाही’ असं ते सरळ म्हणतं. एक बारीक तपशील मला फार आवडतो. याजक रोज उभा राहून सेवा करतो, असं दहाव्या अध्यायात आहे. निवासमंडपात, म्हणजे त्यांच्या उपासनेच्या तंबूत, मेज होता, दीपवृक्ष होता, बसायला आसन नव्हतं. काम संपतच नव्हतं. आणि पुढच्याच वचनात ख्रिस्ताबद्दल लिहिलंय की तो एकच यज्ञ अर्पून देवाच्या उजवीकडं *बसला*. सासरे इथं थांबायचे आणि स्वतःही खुर्चीत बसायचे. खेड्यातल्या बायांना बाकी प्रवचन आठवत नसे, ते बसणं आठवे.

आता डोंबिवलीकर, तुमचा प्रश्न. तो आमच्याही लोकांनी शतकानुशतकं विचारलेला आहे. मार्काच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की आपला प्राण पुष्कळांसाठी खंडणी म्हणून द्यायला तो आलाय. आज खंडणी म्हटलं की गुंडांनी उकळलेले पैसे आठवतात, पण जुना अर्थ सोडवणुकीची किंमत. मग पहिल्या शतकांतच प्रश्न आला, खंडणी दिली कुणाला? काहींनी सैतानाला म्हटलं. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या बिशप ग्रेगरीला ते अजिबात पटलं नाही, लुटारूला देवानं स्वतःचा पुत्र मोबदला म्हणून का द्यावा? अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्म या धर्मपंडितानं ऋणाची भाषा वापरली : माणसानं देवाचं देणं बुडवलं, फेडायचं माणसानं, पण फेडण्याची ऐपत फक्त देवाची, म्हणून देव माणूस झाला. त्याच्या नंतरचा पंडित अबेलार्ड म्हणाला, क्रूसावरचं प्रेम बघून माणसाचं मन पालटतं, तेच तारण. कायदा शिकलेल्या प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिननं शिक्षेची आणि निवाड्याची भाषा वापरली. मंडळीच्या जुन्या जागतिक परिषदांनी ख्रिस्त कोण यावर शब्दन् शब्द ठरवला, पण प्रायश्चित्त कसं घडतं याचं एकच सूत्र कुणावर लादलं नाही. माझ्या मते ते योग्यच झालं.

पण तुमच्या न्यायाधीशाच्या उदाहरणात एक गोष्ट आमच्या श्रद्धेशी जुळत नाही. त्यात तीन माणसं आहेत : न्यायाधीश, गुन्हेगार आणि रस्त्यावरून पकडून आणलेला कुणी निर्दोष. आम्ही तसं मानतच नाही. करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो, देव ख्रिस्तामध्ये *स्वतःबरोबर* जगाचा समेट करत होता. क्रूसावर आहे तो तिसरा कुणी नाही. ज्याचा अपराध झाला तोच तिथं आहे.

आणि खरं बघा, कोणतीही क्षमा अशीच असते. दुकानदारानं उधारीचं पान फाडलं तर ते पैसे कुठं जातात? त्याच्याच गल्ल्यातून जातात. उद्या आत्यानं दादांना क्षमा केली तर सव्वा एकराचं सतरा वर्षांचं पीक हवेत विरणार नाही. ते आत्याच्या पोटातून जाईल. तिनं ते आपल्या पदरी घेतलेलं असेल. क्षमा फुकट असते ती फक्त घेणाऱ्याला. क्रूस म्हणजे देवाच्या पोटातून काय गेलं ते उघड्यावर दिसणं.

दादा, तुमच्यासाठी शेवटचं. शुद्ध वाटत नाही कारण विश्वास कमी आहे, असं मला वाटत नाही. इब्रीच्या नवव्या अध्यायात ख्रिस्ताचं रक्त आपली सदसद्विवेकबुद्धी शुद्ध करतं असं म्हटलंय. विवेकबुद्धी शुद्ध होते म्हणजे बधिर होते असं नाही. स्वच्छ काचेतून जास्त दिसतं. तुम्ही ताट पुढं दिलंत ना, ते धुण्याचंच काम सुरू झाल्याचं लक्षण मानते मी.

डोंबिवलीकर

ताई, ‘ज्याचा अपराध झाला तोच तिथं आहे’ हे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी शंका पूर्ण गेली असं म्हणणार नाही. पण आता ती वेगळ्या जागी जाऊन बसली आहे. मी विचार करतो.

शब्दार्थी

‘प्रायश्चित्त’ या शब्दाबद्दल जोडतो. डोंबिवलीकरांची अडचण शब्दापासूनच सुरू होते. धर्मशास्त्रांत प्रायश्चित्त पापी माणूस करतो. मराठी बायबलात योहान लिहितो की ख्रिस्त ‘आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे’. करणारा बदलला, आणि क्रियापदसुद्धा बदललं : करतो नाही, *आहे*. जुना शब्द घेऊन त्यात नवा अर्थ भरला तर वाचणारा जुनाच अर्थ घेऊन जातो, ही भीती खरी आहे. पंडिता रमाबाई केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता की धर्मशास्त्रांतले संस्कृत शब्द टाळून साध्या बायाबापड्यांना कळेल असं लिहावं. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर ते काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. मला स्वतःला ‘समेट’ हा शब्द जवळचा वाटतो. भांडणाऱ्या दोन घरांचा होतो तो.

रात्रपाळी

मी परिचारिका, मिरजेत शिकले. एवढं मोठं लिहिता येत नाही, पण एक सांगावंसं वाटतं.

आमच्या शिक्षणात पहिल्या महिन्यात शिकवतात की चादरीवरचा रक्ताचा डाग थंड पाण्यात काढायचा. घाईनं गरम पाणी ओतलं की तो बसतो, मग जन्मभर जात नाही. मी स्वतः सुरुवातीला दोन चादरी अशा घालवल्या. त्यामुळं बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं, प्रकटीकरणाच्या सातव्या अध्यायातलं ‘त्यांनी आपले झगे कोकऱ्याच्या रक्तात धुऊन शुभ्र केले’ हे वचन मला कळायचंच नाही. रक्त डाग पाडतं, धुतं कसं? रुग्णाला रक्त चढवताना एका रात्री कळलं. बाई बाळंतपणात पांढरीफटक पडली होती, ओठसुद्धा पांढरे. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त थेंबथेंब आत जात होतं आणि पहाटे तिच्या नखांवर रंग आला. लेवीयमध्ये म्हटलंय ना, शरीराचं जीवन रक्तात असतं. आपण रक्त म्हटलं की मरण बघतो. तिथं जीवन आहे. त्यानं आपलं जीवन ओतलं.

स्तोत्र ५१ मध्ये दावीद ‘मला धू’ म्हणतो तो हिब्रू शब्द अंग धुण्याचा नाही, कपडे तुडवून-आपटून धुण्याचा आहे, असं आमच्या बायबल अभ्यासात सांगितलं होतं. दगडावर आपटतात तसं. सोपं नसतं ते. दादा, प्रार्थना करते.

नवखा

एक शंका. मग भरपाई केल्याशिवाय क्षमा नाही का? एखाद्याला भरपाई करणं शक्यच नसेल तर? ज्याचं नुकसान केलं तो वारला असेल तर? आणि भरपाई करून शुद्ध व्हायचं असेल तर मग क्रूस कशाला?

पाळकांची सून

भरपाईनं शुद्ध होत नाही. क्रूसावर येशूबरोबरच्या चोराला काय परत करता आलं? हातपाय खिळलेले. त्याला ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हेच मिळालं. ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी तो चोर आहे.

ज्याला शक्य आहे त्याच्यासाठी जकातदार जक्कय आहे. लूकचा एकोणिसावा अध्याय. क्रम बघा. येशू आधी त्याच्या घरी जातो, झाडावरून खाली बोलावून. जक्कयनं तोवर एक पैसा परत केलेला नाही. मग तो उभा राहून म्हणतो, अर्धं गोरगरिबांना देतो, आणि कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. कृपा आधी घरात आली, तिच्यामागून पैसे बाहेर गेले. स्वतःहून कबूल करणाऱ्याला नियमशास्त्रात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच होतं. त्याला चौपट करायला कुणी सांगितलं नव्हतं.

बांधावरचा

दोन महिने इथं काही लिहिलं नाही. वाचत होतो.

मी आत्याकडं गेलो. आधी बायकोला सांगितलं, तिला हे माहीत नव्हतं. ती रात्रभर काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, आज जा.

आत्या अंगणात गहू पाखडत होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. ठरवल्याप्रमाणं सांगितलं, शब्द न बदलता : मी तुझी जमीन फसवून घेतली. पीककर्जाचा कागद नव्हता. ती चोरी होती.

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं होतं रडेल, नाहीतर ओरडेल. ती म्हणाली, ‘म्हणजे तो रस?’

मला कळेना. मग म्हणाली, ‘मी गावात, मंडळीत, सुनांना, सगळ्यांना सांगत आले. सतरा वर्षं. भाच्यानं भर उन्हात थांबून रस पाजला, बर्फ घालू दिला नाही. घसा लक्षात ठेवला माझा. भाऊ गेला पण पोरगा भावासारखा आहे. किती बायांना सांगितलं मी.’

जमिनीबद्दल एक शब्द बोलली नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं. मी संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसलो. मग आलो.

सव्वा एकर परत करता येईल. वकिलाला विचारलं, तिच्या नावे बक्षीसपत्र करून नोंदवायचं, मग फेरफार. सतरा वर्षांच्या पिकाचा हिशेब मी वहीत मांडतोय, तेही देईन, हप्त्यानं का होईना. पण तो रस मी कसा परत करू? तिच्याकडं एक चांगली गोष्ट होती आणि ती मी खरं बोलून काढून घेतली. खरं बोलण्याआधीच काढून घेतली होती, तिला ते माहीत नव्हतं एवढंच.

पाळकसाहेबांनाही सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘देवापुढं आता काय म्हणतोस?’ मी म्हणालो, आत्याला जे म्हणालो तेच म्हणतो. ते म्हणाले, ठीक आहे.

वसईची लेक

दादा. मला काही सुचत नाहीये. फक्त इथं आहे एवढं कळवते.

शब्दार्थी

पेत्राच्या पहिल्या पत्रात आहे, ख्रिस्तानं ‘स्वतः तुमची आमची पापे स्वदेही वाहून खांबावर नेली’. मी आजवर त्यात मोठमोठी पापं बघत होतो. खून, व्यभिचार. आज त्यात एक रसाचा पेला दिसला. जे आपल्याला परत करता येत नाही, तेही त्यानं वाहून नेलंय. तुम्ही ज्याचं काही करू शकत नाही त्यासाठीच तो आहे, दादा. जे करू शकता ते करा.

डोंबिवलीकर

वकिलाकडून बक्षीसपत्रात ‘स्वखुशीने’ च्या पुढं खरं कारण लिहून घेता येतं का बघा. माझ्या वडिलांनी तलाठी कार्यालयात नोकरी केली. ते म्हणतात, कागदावर खरं असलं की पुढच्या पिढीत भांडण राहत नाही. तुमच्या मुलांनी उद्या आत्यांच्या मुलांवर दावा लावायला नको.

बांधावरचा

डोंबिवलीकर, लिहून घेतलं. वकील नको म्हणत होता. तरी घेतलं. दस्त नोंदवताना माझ्या दोन्ही मुलांना साक्षीला उभं केलं आणि त्यांच्यासमोर सगळं वाचून दाखवलं. आत्या येईल का नाही शंका होती. तिच्या थोरल्यानं गाडीवरून आणली. सही करताना तिनं कागद माझ्या मुलीकडून दोनदा वाचून घेतला. मग एकेक अक्षर वळवून सही केली.

बाहेर रसवंती अजून आहे. कुणी तिकडं बघितलं नाही.

फेरफाराची नोटीस लागली, पंधरा दिवस गेले, हरकत आली नाही. मंडळ अधिकाऱ्यानं नोंद प्रमाणित केली. सातबाऱ्यावर आत्याचं नाव आहे.

मागच्या रविवारी प्रभुभोजन होतं. आत्या बायकांच्या बाजूला नेहमीच्या जागी होती. ताट माझ्याकडं आलं. मी भाकर घेतली. हात थरथरत होता, पण घेतली.

काल ती पहिल्यांदा शेतावर आली. बांधावर उभी राहून बराच वेळ बघत होती. मी लांबच थांबलो. मग तिनं विचारलं, काय लावलंय. कांदा म्हणालो. म्हणाली, वरच्या वाफ्याला पाणी पोचत नाहीये, चर अजून थोडा खोल काढ.

आज सकाळी काढला.